बोर्ड तोच, कट दुसराच

"ताई, नमस्कार. प्रश्न वाचून हसाल, पण घरात यावरून दर रविवारी वाद होतोय म्हणून लिहितोय. मी मूळचा कोल्हापूरचा, पेठेतला, आता नोकरीसाठी पुण्यात, महिन्यातनं दोनदा घरी जातो. आमच्या भागात मिसळीचं एक हॉटेल आहे. माझे वडील, अप्पा, वय ७४, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर, ते रविवारी सकाळी रंकाळ्यावर चालून झालं की थेट तिथं, चाळीसेक वर्षं तरी झाली असतील. मी त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून तिथं गेलोय. गेल्या जुलैत जुन्या मालकांनी, आम्ही त्यांना काका म्हणतो, हॉटेल विकलं. बोर्ड तोच, नाव तेच, वस्ताद, म्हणजे आचारी, पण तोच ठेवलाय. पहिले तीन-चार महिने काय फरक कळला नाही, अप्पा तर नवीन मालकाबद्दल म्हणायचे पोरगं हुशार आहे. दिवाळीनंतर मात्र मिसळीचा कट, तो तिखट रस्सा, पार गेला. दिसायला लालभडक, पण गोडसर, आणि घशात कायच नाही. ६० ची मिसळ १२० ला, जादा कटाचे २० रुपये वेगळे, बिलात ५ टक्के सर्व्हिस चार्ज. मेन्यू कार्ड काढून टाकलं, टेबलावरचा कोड स्कॅन करा म्हणतात, अप्पांकडं बटणाचा फोन. चीज मिसळ, तंदूर मिसळ, पनीर चिली सगळं सुरू, रात्री अकरापर्यंत उघडं. अप्पा दर रविवारी चिडून घरी येतात, 'आता परत पाय ठेवणार नाही', आणि पुढच्या रविवारी परत हजर. आई म्हणते मी घरी करते, तर म्हणतात घरच्या मिसळीला मिसळ म्हणत नाहीत. मी रागात ऑनलाइन एक स्टार देऊन 'दिवसाढवळ्या दरोडा' असं लिहून आलो. मालकानं खाली उत्तर दिलं, सर एकदा या, प्लेट आमच्याकडून. नंतर मित्राकडून कळलं की पोरगं तिशीतलं आहे, कर्ज काढून हॉटेल घेतलंय. आता मला कसंतरीच होतंय. रिव्ह्यू काढून टाकू? त्याच्याशी बोलू की काकांनाच जाऊन सांगू? जुनं नाव लावून दुसरीच चव विकणं ही फसवणूक नाही का? आणि अप्पांचं काय करू?
— कटासाठी कायपण, कोल्हापूर"

कटासाठी कायपण दादा, हसले नाही. हॉटेलवाल्याची मुलगी आहे मी, या विषयावर मला हसू येत नाही. माझ्या वडिलांनी कराडला स्टँडजवळ २६ वर्षं हॉटेल चालवलं, मिसळ, भजी, वडा, चहा, एवढंच, आणि मग गुडघे गेले, भावाला गल्ल्यावर बसायचं नव्हतं, मी लग्न होऊन पुण्याला, म्हणून शेवटी चालवायला दिलं. त्यामुळं तुमचं पत्र वाचताना मी गिऱ्हाइकाच्या बाकड्यावर कमी आणि गल्ल्याच्या मागं जास्त बसलेली होते, हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढं मी कुणाची बाजू घेतेय असं वाटायला नको.

पहिली गोष्ट. तुम्हाला आत्तापर्यंत दहा जणांनी तरी सांगितलं असेल की चव तीच आहे रे, तुझं लहानपण गेलं म्हणून तसं वाटतंय. मी तसं अजिबात म्हणणार नाही. चव खरंच बदललीय, आणि कधी बदलली तेही तुम्हीच लिहिलंय पण तुमच्या लक्षात आलेलं नाही. वस्ताद तोच, भांडी तीच, जागा तीच, पहिले तीन-चार महिने चव पण तीच, आणि दिवाळीनंतर एकदम गेली. आता मालक जुलैत बदलला तर कट जुलैतच बिघडायला पाहिजे होता ना? मग दिवाळीला काय बदललं?

मला विचाराल तर दिवाळीला चटणी संपली.

चटणी म्हणजे आपली कांदा-लसणाची, तुम्हाला सांगायला नको पण नाशिक-नागपूरकडचे लोक पण वाचतात म्हणून सांगते, कोल्हापुरात चटणी म्हटलं की वर्षाचं तिखट. कटाचा अर्धा जीव त्यात असतो. आणि ती रोज होत नाही, उन्हाळ्यात एकदाच होते. थंडी सरता सरता मिरचीचा हंगाम, गडहिंग्लजच्या बाजारात संकेश्वरी येते ती ठसक्याला, ब्याडगी घ्यायची रंगाला, मग मार्च-एप्रिलच्या उन्हात गच्चीवर वाळवायची, देठं खुडायची, थोड्या तेलावर परतायची, खोबरं, तीळ, धणे, जिरं, खडा मसाला सगळं वेगवेगळं भाजायचं, कांदा-लसूण घालून डंकावर कुटून आणायचं. डंकाजवळ उभं राहिलेल्यालाच माहिती डोळ्यांचं काय होतं ते. आमच्याकडं हॉटेलसाठी मिरचीची पाच पोती लागायची, आणि गोड्या तेलाचे पंधरा किलोचे रिकामे डबे धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून, त्यात दाबून दाबून चटणी भरून वर हिंगाचे खडे ठेवायचे. आई, दोन काकू, आत्या आणि सुट्टी लागली की मी. तीन आठवडे घरात कुणी कुणाशी धड बोलायचं नाही इतके सगळे शिंकून वैतागलेले असायचे.

वडिलांनी हॉटेल चालवायला दिलं तेव्हा कागद झाला, लीव्ह अँड लायसन्सचा, अकरा महिन्यांचा, डिपॉझिट किती, भाडं किती, भट्ट्या किती, पातेली किती, बाकडी किती, अगदी पाण्याचे जग किती तेसुद्धा लिहिलं होतं मी स्वतः बघितलंय. मोदीखान्यात चटणीचे नऊ डबे होते, ते 'शिल्लक माल' या एका ओळीत गेले. पुढच्या वर्षीची चटणी कोण करणार हे कुणी विचारलंच नाही. घेणाऱ्याला वाटलं वस्ताद करतो, वस्ताद आपल्याकडं राहतोय, मग काय. आणि वडिलांना, म्हणजे मला आजपण याचं नवल वाटतं, वडिलांना ते सांगावंसंच वाटलं नाही. २६ वर्षं आईची चटणी आयती मोदीखान्यात यायची, त्यांच्या दृष्टीनं ती विहिरीच्या पाण्यासारखी होती, असतेच. व्यवहारात पातेल्यांना किंमत होती, आईच्या चटणीला नव्हती, कारण तिचे पैसे कुणी कधी दिलेच नव्हते.

नवीन माणसानं जोरात सुरू केलं, सकाळी सात ते रात्री दहा, वडील तर दुपारी कट संपला की शटर ओढायचे. विक्री दुप्पट झाली, वर्षाची चटणी दिवाळीच्या आत उडाली. मग त्यानं बाजारातनं तयार मसाला आणला. वस्तादानं हात तोच मारला, माप तेच टाकलं, पण डब्यातली वस्तूच दुसरी, त्याला तो तरी काय करणार. रंग कमी पडला म्हणून नुसती रंगाची मिरची पूड वाढवली, दाटपणा येईना म्हणून टोमॅटो आला, टोमॅटोनं आंबट झालं म्हणून साखर आली. तुमचं 'लालभडक, गोडसर, घशात कायच नाही' वाचलं आणि मी फोन खाली ठेवून चहा करायला गेले, खरंच सांगते. शब्द न् शब्द तोच.

आता हे मी कराडवरनं कोल्हापूरचं निदान करतेय, चुकूही शकते. शेव-फरसाण कुणाकडनं घेतात ते बदललं असेल, मटकीला मोड पुरते येऊ देत नसतील, कट सकाळी एकदा लावून रात्री अकरापर्यंत पाणी घालून घालून ओढत असतील, हे सगळं असू शकतं, आणि चीज-तंदूर-पनीर करायचं म्हणजे भट्टीवरचा माणूस तोच आणि कामं पाच, त्यात कटाकडं लक्ष राहत नाही. पण यातलं बरंचसं पहिल्या महिन्यापासून जाणवलं असतं. चार महिने टिकून मग एकदम जाणारी गोष्ट ही साठ्यातली गोष्ट असते. काकांच्या हॉटेलची चटणी कुठं व्हायची हे अप्पांना विचारा, त्यांना नक्की माहिती असणार, चाळीस वर्षांत एकदा तरी काकूंनी गच्चीवर मिरच्या पसरलेल्या बघितल्या असतीलच.

हां, आणि १२० रुपये. मला माहितीये तुम्हाला त्याचा राग जास्त आलाय, 'दरोडा' कटाला कुणी म्हणत नाही. पण एक सांगा, काकांची जागा स्वतःची होती की नाही? जुन्या पेठांमधली बहुतेक अशी हॉटेलं एकतर स्वतःच्या जागेत असतात नाहीतर आजोबांच्या काळातल्या भाड्यात, म्हणून ६० ला परवडतं. त्यात घरची माणसं गल्ल्यावर, घरची माणसं मोरीवर, पगार कुणाला द्यायचाच नाही. नव्या पोराला तीच प्लेट वाढताना पहिल्या घासात बँकेचा हप्ता, दुसऱ्यात नावाचे मोजलेले पैसे, मग १९ किलोचा कमर्शियल सिलिंडर, वस्तादाचा पगार, पोऱ्यांचा पगार, घरपोच ऑर्डरवाल्यांचं कमिशन. काका स्वस्त देत होते ते चांगुलपणानं देत असतीलही, पण त्यात आजोबांचं भाडं आणि काकूंची फुकट मेहनत पण वाढलेली होती. याचा अर्थ १२० बरोबर आहेत असं नाही. १२० घ्यायचे तर १२० चा कट दे बाबा, एवढंच.

जादा कटाचे २० मात्र मला पण टोचले. कोल्हापुरात कटाला मीटर लावणं म्हणजे, जाऊ दे. बेकायदा नाही ते, आधी लिहून ठेवलं असेल तर घेऊ शकतो. सर्व्हिस चार्जची गोष्ट वेगळी. तो बिलात परस्पर लावता येत नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला तसं स्पष्ट सांगितलंय, हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि दिल्ली हायकोर्टानं २८ मार्च २०२५ ला प्राधिकरणाचीच बाजू उचलून धरली. तेव्हा शांतपणे म्हणायचं, हे काढा. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, नुसतं बिल परत सरकवायचं. नाहीच काढला तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, पण माझा अनुभव असा की नंबर नुसता माहितीये म्हटलं तरी बिल दुरुस्त होऊन येतं.

फसवणुकीचं विचारलंत. बोर्ड, नाव हे विकता येतं, त्याचेच तर पैसे मोजलेत त्यानं, त्यामुळं नाव ठेवणं ही फसवणूक नाही. परवाना मात्र नावाबरोबर विकला जात नाही. अन्नसुरक्षेचा जो १४ आकडी नंबर असतो तो मालक वारला तर वारसाच्या नावावर करता येतो, विकत घेणाऱ्याला स्वतःचा नवीन काढावा लागतो, आणि २०२२ च्या जानेवारीपासून तो बिलावर छापणं पण सक्तीचं आहे. एकदा बिल बघा, भिंतीवरचं प्रमाणपत्र बघा. अजून काकांचंच लटकत असेल तर ते त्या पोराच्या कानावर घाला, धमकी म्हणून नाही, त्याच्याच गळ्याशी येईल म्हणून. आणि हो, 'तेच हात, तीच चव' असलं काही पोस्टरवर छापलं असेल तर तिथं मात्र मी तुमच्या बाजूनं, कारण हात कुणाचे हे त्याला स्वतःलाच माहिती नाहीये.

रिव्ह्यू काढू नका. बदला. 'दिवसाढवळ्या दरोडा' वाचून तो पोरगा काय शिकणार, त्यानं फुकट प्लेट देऊ केली कारण तुम्ही त्याला दुसरं काही सुचण्यासारखं लिहिलंच नाहीत! दुरुस्त करता येतो रिव्ह्यू, तिथं लिहा की जुलैपासून मालक बदललेत, कार्तिकापर्यंत कट जुन्यासारखा होता, आता गोड आणि सपक लागतो, जादा कटाला पैसे, सर्व्हिस चार्ज लावला, छापील मेन्यू नाही. तारीख टाका. स्टार दोन करा की तीन करा ते तुमचं. यानं बाहेरगावच्या माणसाला पण कळतं की ही ती पूर्वीची मिसळ नव्हे, आणि मालकाला पण काय दुरुस्त करायचं ते कळतं. फुकटची प्लेट मात्र खाऊ नका, खाल्ली की पुढचं बोलायला तोंड राहत नाही. पैसे देऊन खा आणि मग बोला.

बोलायचं कधी? रविवारी सकाळी नाही. रविवारी सकाळी हॉटेलवाल्याशी कटाबद्दल बोलणं म्हणजे लग्नात मांडवाला आग लागल्यावर आचाऱ्याला मिठाचं विचारण्यासारखं आहे. आमच्याकडं लोक बरोबर तेव्हाच यायचे, आणि वडील हो हो म्हणून पुढचं पार्सल बांधायचे, डोक्यात काही जायचं नाही. मधल्या वारी दुपारी चार वाजता जा, एक चहा सांगा, गल्ल्यावर तो एकटा असेल. आणि 'काकांच्या वेळी असं नव्हतं' या वाक्यानं सुरुवात करू नका, हात जोडून सांगते, ते वाक्य त्यानं जुलैपासून दिवसाला वीस वेळा ऐकलंय, त्याला आता ते ऐकूच येत नाही. सरळ विचारा, भाऊ चटणी कुठनं आणता? त्याचा चेहरा बघा. बघा, मी सांगते तो तुम्हाला उलट विचारेल, 'का हो, कळतंय का?'

कारण त्याला कळलेलं असतं. आमच्या हॉटेलवाल्यालाही कळलं होतं. गिऱ्हाईक कटाची वाटी अर्धी ठेवून उठायला लागलं की मोरीवरच्या पोऱ्यापासून सगळ्यांना कळतं. पण कुणाला विचारायचं हे त्याला समजेना, वस्ताद म्हणायचा मसाला बदला, तो कंपनी बदलायचा, परत तेच. जुन्या मालकाकडं जायची लाज वाटते माणसाला, पैसे मोजून घेतलंय ना, आता मला जमत नाही म्हणून कसं जायचं. शेवटी तो आला होता आमच्याकडं, आईकडं, पेढे घेऊन. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. वळवाचा पाऊस दोनदा पडून गेलेला, ऊन धरत नव्हतं, मिरची वाळणार कधी आणि कुटणार कधी. आई म्हणाली, यंदा उशीर झाला, पुढच्या वर्षी फाल्गुनात ये. पुढच्या फाल्गुनापर्यंत तो टिकलाच नाही. आता तिथं मोबाईलचं दुकान आहे, कव्हरं आणि स्क्रीन गार्ड. वडील त्या रस्त्यानं जात नाहीत, लांबनं वळसा घालून जातात, गुडघे दुखत असताना.

म्हणून काकांना जाऊन सांगू का, याला माझं उत्तर नाही असं आहे. निदान तक्रार म्हणून तरी नको. तुम्हाला वाटतं त्यांना बरं वाटेल की लोकांना अजून आपलीच चव आठवते, आणि वाटतंही, पहिल्या दोन वेळा. आमच्या वडिलांना भाजी मंडईत, बँकेत, एकदा तर मयतीला गेले तिथंसुद्धा लोकांनी धरून सांगितलं की तुमच्या हॉटेलची वाट लावली हो त्यानं. वडील तोंडावर हसायचे, घरी येऊन जेवायचे नाहीत. विकून टाकलेली गोष्ट कशी मरतेय याचा रिपोर्ट दर आठवड्याला घरपोच कशाला. पण काकांकडं जा मात्र. काकूंना भेटायला म्हणून जा. या वर्षी चटणी करणार का, हॉटेलसाठी करायला आवडेल का, किलोला काय घ्याल, असं विचारा. तुमचं पत्र फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातलं आहे, म्हणजे वेळ आहे अजून, मिरची आत्ता बाजारात येतेय. त्यांना झेपत नसेल तर त्या कुणा सुनेला, शेजारणीला, बचत गटातल्या बायकांना माप सांगू शकतात, नाहीतर 'नाही' म्हणतील, तो त्यांचा हक्क आहे, इतकी वर्षं मिरच्या खुडल्यावर माणूस नाही म्हणू शकतो. पण निदान कुणीतरी विचारलं असं तरी होईल. आणि त्या पोराला सांगा की हे फुकट मागायचं नसतं, पेढ्यांवर तर अजिबातच नाही, पोत्याचे पैसे आगाऊ द्यायचे.

तो म्हणेल परवडत नाही. त्याला सांगा पनीर चिली बंद कर, परवडेल.

राहिले अप्पा. अप्पांचं काही करू नका. मनापासून सांगते, ७४ वर्षांच्या माणसाला 'कशाला जाता मग' असं म्हणणं बंद करा, आईंना पण सांगा. कोल्हापुरात मिसळीला तोटा नाही, तुम्ही त्यांना चार ठिकाणी नेऊ शकता, न्या पण एखाद्या शनिवारी, हौस म्हणून, पण चाळीस वर्षांचं बाकडं सिमकार्डासारखं बदलता येत नाही. ते तिथं एकटे बसत नसणार, दोन-तीन जण असतील ना ठरलेले? वर्कशॉपमधले कुणी? तुम्ही त्यांच्याबद्दल एक ओळ पण लिहिली नाहीत म्हणून विचारते. ते सगळे मिळून आता दर रविवारी कटाला शिव्या देत असतील आणि मला वाटतं तो कार्यक्रम पण त्यांना तसा वाईट वाटत नसावा. ॲसिडिटी होत असेल, घसा खवखवत असेल तर गोष्ट वेगळी, मग तळणाचं तेल किती वेळा वापरतात याची शंका घ्यायला पाहिजे आणि तिथला वडा बंद करायला पाहिजे. नुसता राग येत असेल तर येऊ दे की.

मोबाईलच्या कोडचं मात्र लगेच करून टाका, ते फार सोपं आहे. अप्पांना सांगा कोडकडं बघायचंच नाही, बसल्या बसल्या हाक मारायची, एक मिसळ, ब्रेड जादा, कांदा-लिंबू. काय होतं बघू. वस्ताद जुना आहे, तो त्यांचा आवाज ओळखत असणार, आतनं येईल बाहेर.

आणि दुपारी चारच्या त्या चहाला अप्पांना बरोबर घेऊन जा, कारण चटणीतलं तुमच्यापेक्षा त्यांना जास्त कळतं आणि तो पोरगा पण तुमच्यापेक्षा त्यांचं ऐकेल. काकूंकडं दर ठरवायला मात्र त्यांना नेऊ नका. ते सरळ काकूंच्या बाजूनं बोलतील आणि किलोमागं पन्नास रुपये वाढवून येतील.